गाडीचा दोष कुणाचा, भुर्दंड कुणाला?

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे काय काय होते हे मी सांगायला नकोच. पाडवा नाहीतर दसरा गाठायचा, चाकांखाली लिंबे ठेवायची, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायचे, सारसबागेच्या गणपतीला एक चक्कर आणि मग सोसायटीभर पेढे. या सगळ्या गडबडीत शोरूममधला मुलगा एक जाडजूड प्लॅस्टिकचे पाकीट आपल्या हातात ठेवतो. त्यात विम्याचे कागद असतात, गाडीचे पुस्तक असते आणि बारीक अक्षरात छापलेली वॉरंटीची पुस्तिका असते. यजमानांना गाडी चालवायची घाई, मुलांना गाणी लावायची घाई. पाकीट साहजिकच आपल्याकडे येते आणि कपाटात रेशनकार्ड नि गॅसच्या पुस्तकाशेजारी जाऊन बसते.

म्हणूनच या विषयावर इथे लिहावेसे वाटले. गाडी कुणीही चालवो, तिचे कागद बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. आणि गाडीत मुळातच काही खोट निघाली, तर पुढची सगळी झटापट त्या कागदांवरच होते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मिक्सर घेताना आपण ‘गॅरंटी किती?’ असे विचारतो आणि दुकानदारही ‘दोन वर्षं’ म्हणून मोकळा होतो. गाडीच्या बाबतीत मात्र शब्द आहे वॉरंटी. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यातले जे आधी संपेल तोवर, बनावटीत किंवा मालात दोष निघाला तर कंपनी तो भाग फुकट दुरुस्त करून किंवा बदलून देणार, एवढाच त्याचा अर्थ. ‘जे आधी संपेल ते’ हे शब्द पुन्हा एकदा वाचा बरं का. वाघोलीहून हिंजवडीला रोज नोकरीला जाणाऱ्याची वर्षे शिल्लक राहतात, पण किलोमीटर केव्हाच संपून जातात.

या मूळ वॉरंटीनंतर येते ती वाढीव वॉरंटी. तिच्यातही दोन जाती आहेत. एक आपण पैसे भरून विकत घेतो. शोरूममध्ये बिल करताना तो मुलगा जिचा आग्रह धरतो ती. दुसरी कंपनी स्वतः होऊन देते, एक पैसाही न घेता, कारण तिच्याच बनावटीत काही चुकले आहे हे तिला कळलेले असते. पहिलीची जाहिरात सगळीकडे असते. दुसरी मात्र कित्येकींनी ऐकलेलीही नसते, आणि खरे तर तीच आपल्या हक्काची.

ही दुसरी जात मला पहिल्यांदा कळली ती माझ्या भाच्याकडून. तो गाड्यांचा वेडा. रविवारी पहाटे ताम्हिणीकडे नाहीतर लोणावळ्याकडे जी तरुण मंडळी बुटक्या, दोन दारांच्या, कानठळ्या बसवणाऱ्या गाड्या घेऊन निघतात, त्यांच्यात त्याची ऊठबस. ‘मावशी, तुला वाटतं महागाची गाडी म्हणजे बिनघोर. पण सगळ्यात जास्त रडगाणी याच गाड्यांची असतात,’ असे तो म्हणाला, आणि त्याने जर्मनीच्या पोर्शे कंपनीची गोष्ट सांगितली. या कंपनीची ‘९११ जीटी३’ नावाची शर्यतीच्या घाटाची गाडी आहे. २०१४ च्या सुरुवातीला यातल्या दोन गाड्यांनी पेट घेतला, एक स्वित्झर्लंडमध्ये आणि एक इटलीत. शोध घेतला तेव्हा इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा एक स्क्रू सैल होतो आणि त्यातून पुढचा अनर्थ घडतो, असे निघाले. तोवर लोकांच्या हाती गेलेल्या गाड्या होत्या ७८५. कंपनीने त्या सगळ्या मालकांना कळवले की गाडी चालवू नका, आणि सगळ्यांची इंजिने बदलून दिली. एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. या इंजिनांत पुढे आणखी एक भाग लवकर झिजतो असे दिसून आले, तेव्हा २०१७ साली कंपनीने इंजिनाची वॉरंटी दहा वर्षे किंवा १ लाख २० हजार मैल इतकी लांबवली.

जपानच्या माझ्दा कंपनीचेही तसेच. तिच्या ‘आरएक्स-८’ या स्पोर्ट्स कारचे इंजिन नेहमीसारखे नसते. त्यात वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी एक तिकोनी चाक फिरते. त्या तिकोनाच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या झिजल्या की इंजिनाचा जोर जातो आणि तापलेली गाडी पुन्हा सुरू व्हायला नकार देते. अमेरिकेत तक्रारींचा ढीग झाला आणि २००८ साली कंपनीने २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठी इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी आठ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवून दिली. मूळची होती चार वर्षे किंवा ५० हजार मैल. म्हणजे मुदत सरळ दुप्पट.

तुम्ही म्हणाल, या परदेशी श्रीमंतांच्या कथा, आपला काय संबंध? आहे. कारण आपल्याकडे हाच प्रकार घडला तो स्पोर्ट्स कारच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या, सर्वांत स्वस्त गाडीच्या बाबतीत, आणि ती गाडी तर पुण्याचीच लेक.

टाटांची नॅनो आठवते ना? पिंपरीच्या संशोधन केंद्रात ती आकाराला आली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती जगाला दाखवली आणि २००९ मध्ये ती विक्रीला आली. स्कूटरवर पुढे एक मूल, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल अशा भिजत जाणाऱ्या कुटुंबासाठी ही गाडी, असे तेव्हा सांगितले जाई. आपल्यापैकी किती जणी त्या स्कूटरवर बसलेल्या आहेत! पण मग नॅनो पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका कुटुंबाची कोरी करकरीत गाडी शोरूममधून घरी नेतानाच वाटेत पेटली. माणसे वाचली हे देवाचे उपकार. पण ज्या घरात ती बातमी वाचली गेली, तिथल्या आईने ‘आपण नको ती गाडी’ म्हटले नसेल तरच नवल.

कंपनीने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर केले की एक्झॉस्ट आणि वायरिंगच्या भागात जादा संरक्षण बसवून देऊ, फुकट. हे सांगताना तिने ‘गाड्या परत बोलावत आहोत’ असे म्हणायचे मात्र कटाक्षाने टाळले. लोकांनी काय ओळखायचे ते ओळखले. त्या नोव्हेंबरात देशभरात फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात कंपनीने वॉरंटी १८ महिने किंवा २४ हजार किलोमीटरवरून चार वर्षे किंवा ६० हजार किलोमीटरवर नेली, आणि महत्त्वाचे म्हणजे आधी गाडी घेतलेल्यांनाही ती तशीच लागू केली.

मला यात एक गोष्ट दिसते. कंपन्या मुदत वाढवतात ती काही कनवाळूपणाने नाही. विश्वास उडालेला असतो आणि तो परत मिळवायचा असतो, म्हणून वाढवतात. त्यामुळे अशी वाढीव मुदत मागताना आपण भीक मागतो आहोत असे वाटून घ्यायचे कारण नाही.

नॅनोचे उत्पादन २०१८ नंतर थांबले. आता दारोदारी दिसतात त्या विजेवरच्या स्कूटर, आणि त्या तर जास्त करून आपणच चालवतो. भाजी, क्लास, शाळा, बँक, सगळे तिच्यावर. पुण्यात लोहगाव भागात मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभी असलेली एक ओला स्कूटर धडाडून पेटली, त्याचे चित्रण सगळ्यांनी आपापल्या फोनवर पाहिले. सरकारने चौकशी लावली. पुढच्या महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीवर आठ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटर अशी वाढीव वॉरंटी जादा पैसे न घेता जाहीर केली. विजेच्या गाडीत बॅटरी हाच सर्वांत महागाचा भाग, त्यामुळे ही मुदत लहानसहान नव्हे. तुमच्याकडे विजेवरची स्कूटर असेल, कुठल्याही कंपनीची, तर तिच्या बॅटरीची मुदत किती आणि तुमच्या गाडीच्या तारखेला कोणती अट लागू होते, हे एकदा लेखी विचारून ठेवा.

आता घरातली हकिगत. घरातली म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनींची. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही. त्यांची गाडी ऑटोमॅटिक गिअरची. दुसऱ्या वर्षापासूनच नळस्टॉपच्या गर्दीत ती हळू चालवताना धक्के मारू लागली. वर्कशॉपमध्ये नेली तर तिथला ॲडव्हायझर म्हणाला, ‘मॅडम, ऑटोमॅटिकचं असंच असतं. सवय होईल.’ आणि मग त्यांच्या यजमानांकडे वळून, ‘साहेब, वॉशिंग करून देऊ ना?’ (गाडी चालवतात वहिनी, तक्रार सांगतात वहिनी, पण उत्तर दिले जाते साहेबांना. हे सगळ्या वर्कशॉपमध्ये कसे काय शिकवतात कोण जाणे.)

वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. त्या एका कंपनीत हिशेब बघायच्या. लेखी नसेल ते झालेच नाही असे मानायची त्यांना सवय. वर्कशॉपमध्ये गाडी देताना जो कागद करतात, जॉब कार्ड म्हणतात त्याला, त्यावर तो मुलगा ‘जनरल चेकअप’ लिहायला निघाला होता. त्यांनी त्याला थांबवले आणि आपल्या शब्दांत लिहायला लावले : ‘पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसतात. चढावर गाडी अडखळते.’ खाली तारीख आणि किलोमीटर. एक प्रत घेतल्याशिवाय त्या तिथून हलल्या नाहीत. असे दोनदा झाले, दोन्ही वेळा वॉरंटीच्या मुदतीत.

गाडीला तीन वर्षे चार महिने झाले आणि चांदणी चौकाच्या चढावर ती उभीच राहिली. मागे पीएमटीचा हॉर्न, शेजारी बसलेली मुलगी रडकुंडीला आलेली. वर्कशॉपने अंदाज दिला १ लाख ८० हजारांचा. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे चार महिन्यांपूर्वी संपलेली. त्याच महिन्यात मुलीच्या अकरावीच्या क्लासची फी भरायची होती. यजमान म्हणाले, ‘आता काय करणार? नशीब आपलं. कर्ज काढू.’ वहिनी म्हणाल्या, ‘आधी पत्र लिहू, मग कर्ज काढू.’

त्यांनी पत्र वर्कशॉपला लिहिले नाही, थेट कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या ग्राहक विभागाला लिहिले आणि प्रत डीलरला पाठवली. मी ते पाहिले आहे. एका पानाचे होते, त्यात रागाचा एक शब्द नव्हता. गाडीचा चॅसिस नंबर, घेतल्याची तारीख, आजचे किलोमीटर. मग दोन्ही जॉब कार्डांच्या तारखा आणि त्यावरची नोंद जशीच्या तशी. मग लिहिले होते : ‘दोष वॉरंटीच्या मुदतीतच कळवलेला आहे. तो तेव्हा दुरुस्त झाला नाही. या चॅसिस नंबरच्या गाडीच्या गिअरबॉक्ससाठी कंपनीने काही विशेष मोहीम काढली आहे का, किंवा वॉरंटीची मुदत वाढवली आहे का, हे लेखी कळवावे.’ मुलीने ते इंग्रजीत टाईप करून दिले, ईमेलने गेले आणि शिवाय रजिस्टर पोस्टानेही गेले.

एकोणीस दिवसांनी उत्तर आले. ठरावीक महिन्यांत बनलेल्या गाड्यांच्या त्या भागाची मुदत कंपनीने आधीच पाच वर्षे केलेली होती! वहिनींची गाडी त्यातलीच. डीलर म्हणाला, ‘आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.’ असेलही; आपण कशाला कुणाला खोटे पाडा? काम फुकट झाले. मध्यंतरी त्याच दोषापायी वर्कशॉपने साडेअकरा हजार घेतले होते, ते परत मिळवायला मात्र आणखी दोन पत्रे आणि सव्वादोन महिने लागले.

माझे मत विचाराल तर यात सर्वांत मोलाचे होते ते जॉब कार्ड. मुदत संपल्यावर तुम्ही कितीही शपथा घ्या, ‘धक्के आधीपासून बसत होते’ हे सिद्ध करणारा तेवढा एकच कागद असतो. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी द्यायला यजमान किंवा ड्रायव्हर जात असेल, तरी तक्रार आपण चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि तीच जॉब कार्डावर उतरवून आणायला सांगावी. गाडीचा आवाज येत असेल, दिवा लागत असेल, तर फोनवर चित्रण करून ठेवावे. वर्कशॉपच्या दारात गाडी नेमकी शहाण्या मुलासारखी वागते, हा अनुभव कुणाला नाही?

आणि पत्राने काम झाले नाही तर?

मग कायदा आहे. ग्राहकाच्या हक्काचे रोपटे महाराष्ट्रात लावले गेले ते पुण्यातच. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी इथे ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा झाला १९८६ साली. आता २०१९ चा नवा कायदा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. पूर्वी विक्रेता किंवा कंपनी जिथे असेल तिथे धावावे लागे, आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. ‘बघू, करू’ म्हणण्यात इथेच घात होतो. नुसती विचारपूस करायची असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

न्यायालयात गाड्यांच्या दोषांचे निकाल कसे लागतात, हेही थोडे सांगते, कारण आशा योग्य तेवढीच धरलेली बरी. मारुती कंपनीच्या एका गाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की वॉरंटीत दोषी भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर कंपनीची जबाबदारी तेवढीच. क्लच वाईट निघाला म्हणून अख्खी नवी गाडी मागता येत नाही. उलट २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटा गाडीच्या प्रकरणात, अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत म्हणून, गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने कायम ठेवला. टक्कर पुरेशा जोराची नव्हती हा कंपनीचा बचाव होता. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे की, वेग आणि बल यांची गणिते मांडणारा पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असावे अशी ग्राहकाकडून अपेक्षा नसते. मला हे फार पटले. एअरबॅगवाली गाडी आपण जादा पैसे मोजून घेतो ती मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे ठेवून. तिथे गणित कोण मांडते?

आपल्या चाकणमध्ये कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ कंपनीचेही एक प्रकरण २०२४ च्या जुलैत निकाली निघाले. एका उद्योगाने आपल्या संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीत दोष निघाला. कंपनीचे म्हणणे असे की गाडी धंद्याच्या नावाने घेतली, म्हणजे हे ग्राहकच नव्हेत. न्यायालयाने ते मानले नाही. नफा कमावण्याच्या कामाशी गाडीचा थेट संबंध नसेल तर नाव कंपनीचे असले तरी ग्राहकाचा हक्क जात नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुकान किंवा फर्म आहे, त्यांच्या गाड्या बहुधा फर्मच्याच नावावर असतात, म्हणून हे लक्षात ठेवायचे.

गोव्यातल्या एका खटल्याने आणखी एक गोष्ट शिकवली. डीलरने २००९ मध्ये बनलेली गाडी २०११ ची म्हणून गळ्यात मारली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने डीलरला दोषी धरले, पण कंपनीला सोडले, कारण डीलरच्या या कृत्यात कंपनीचा हात होता असे तक्रारीत नीट मांडलेलेच नव्हते. तेव्हा तक्रार करताना डीलर आणि कंपनी, दोघांची नावे तर घालाच. शिवाय कुणी काय केले हे वेगवेगळे लिहा.

दोष आहे हे दाखवण्याचे ओझे सहसा आपल्यावरच असते. नुसत्या बघण्याने दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य त्या प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. गाड्यांची चाचणी करणारी देशातली नावाजलेली संस्था, एआरएआय, १९६६ पासूनची, ती तर आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. निदान खासगी जाणकार मेकॅनिकचा लेखी अभिप्राय तरी जोडावा. मात्र त्याला गाडी उघडू देऊ नये. उघडली की ‘बाहेर हात लागला’ म्हणून कंपनी हात वर करते.

यावरून आठवले. माझ्या भाच्याच्या टोळीतली मुले गाडी आणखी पळावी म्हणून तिच्या संगणकातली मांडणी बाहेर बदलून घेतात, सायलेन्सर बदलतात. मग इंजिन बसले की कंपनीकडे वॉरंटी मागायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. आपण काही सायलेन्सर बदलत नाही; पण लक्ष्मी रोडच्या खरेदीइतक्याच उत्साहाने बाहेरच्या दुकानातून दिवे, स्पीकर, मागचा कॅमेरा बसवून घेतो. त्यासाठी वायरी कापल्या तर विजेच्या भागाची वॉरंटी गेलीच म्हणून समजा.

राहिली पैसे देऊन घ्यायची वाढीव वॉरंटी. ती घ्यावी की नाही? ऑटोमॅटिक गिअर, टर्बो इंजिन, पुष्कळ इलेक्ट्रॉनिक सोयी असलेली गाडी असेल आणि ती पाच-सात वर्षे वापरायची असेल, तर मी घ्या म्हणेन. साधी गाडी, कमी वापर, तीन वर्षांत विकायची, तर ते पैसे पोस्टात ठेवा. घ्यायची झाली तर मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते. सहीआधी एकच प्रश्न विचारा : हे वचन कंपनीचे की दुसऱ्याच कुणा विमा कंपनीचे? मग काय काय वगळले आहे ते पान उघडायला लावा. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा वगळलेल्याच असतात. सर्व्हिसिंग ठरल्या वेळी, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये केलेले लागते. एक हुकले तरी नकार द्यायला निमित्त मिळते.

आणि पावसाचे पाणी! सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलेले पाणी, दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्यांची काय गत झाली ते पुणेकरांनी पाहिले आहे. पाण्याने बसलेले इंजिन हा बनावटीचा दोष नव्हे. तिथे कुठलीच वॉरंटी कामाला येत नाही. त्याला विम्यातच इंजिन संरक्षणाची जादा जोड घ्यावी लागते. आणि पाण्यातून काढलेली गाडी ‘बघू तरी चालते का’ म्हणून सुरू करू नये. ती ओढूनच न्यावी.

जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींसाठी एक. कंपनीने दोषापोटी वाढवलेली मुदत सहसा गाडीबरोबर जाते, मालकाबरोबर नाही. पण विकत घेतलेली वाढीव वॉरंटी नव्या नावावर करून घ्यावी लागते, त्याला मुदत आणि थोडी फी असते. सौदा ठरवण्याआधी चॅसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि गाडीची आजवरची सर्व्हिसिंगची नोंद मागा. परत बोलावलेल्या गाड्यांत ती होती का आणि असल्यास ते काम झाले का, हेही तिथेच कळते. देणाऱ्यांकडून चाव्यांबरोबर ते जाडजूड पाकीटही मागून घ्या. ते बहुधा त्यांच्या घरच्या वहिनींकडेच असते, तेव्हा फोन त्यांनाच लावलेला बरा.